जहाज चालेल असा कॉम्प्युटर

६ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, दवाखाना नीट चालला असेल. मी बरा आहे. गुडघा होता तसाच आहे. गॅलरीतल्या कुंड्यांना रोज पाणी घालतो. त्यातलं एक रोप पाणी जास्त झाल्यामुळे गेलं.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. इतक्या वर्षांत मी तुझ्यासाठी फक्त पाकिटावरचा पत्ता लिहिला. आतला मजकूर तुझ्या ताईचा असायचा. फोन करता आला असता, पण फोनचा विषय सध्या राहू दे.

काम असं आहे. तुझ्या ताईच्या ईमेलवर तुमच्या त्या जहाजाच्या खेळाकडून सूचना आली आहे. खेळाची नवी आवृत्ती निघाली आहे. मार्च संपायच्या आत प्रत्येक जहाज दोन्ही खलाशांनी मिळून नव्या बंदरात आणायचं, नाहीतर ते मोडीत निघेल. तुम्ही दोघींनी रोज संध्याकाळी एकमेकींवर ओरडत चालवलेलं जहाज मोडीत निघावं असं मला वाटत नाही. तुलाही तसं वाटत नसावं. ताईच्या जागी कप्तान म्हणून मी बसतो. तू इंजिनात असायचीस, तिथेच राहा.

अडचण कॉम्प्युटरची आहे. जुन्यावर नवी आवृत्ती चढवायला गेलो तर पडद्यावर लाल अक्षरं आली : हे यंत्र या कामास पात्र नाही. नोकरीभर मी लोकांच्या लिफ्टवर हीच पाटी लावत आलो. सोसायट्यांचे सेक्रेटरी माझ्या अंगावर का यायचे ते आता कळलं.

म्हणून नवीन कॉम्प्युटर स्वतः जोडायचं ठरवलं आहे. बाजारात तयार मिळतात, पण दुसऱ्याने दिलेल्या अहवालावर मी कधी लिफ्टसुद्धा पास केली नाही. काल दुकानात गेलो होतो. दुकान चालवणारी मुलगी चुणचुणीत आहे. तिने विचारलं, नातवासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. मग तिने विचारलं, काका, तुम्ही किती वर्षं खेळताय? मी सांगितलं की अजून सुरुवात केलेली नाही. त्यावर तिने मला बसायला खुर्ची दिली.

मला ग्राफिक्स कार्ड चांगल्यातलं चांगलं घ्यायचं आहे. तुझी ताई म्हणायची की आपल्या मशीनवर समुद्र सोफ्यावरच्या प्लास्टिकसारखा दिसतो. यंदा नवीन घेऊ, असं ती दर वर्षी म्हणायची. निदान जहाज बंदरात नेताना पाणी पाण्यासारखं दिसावं.

दुकानातल्या मुलीने ७५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवला आहे. तो पुरेल का? तुला या गोष्टी कळतात, म्हणून विचारतो. सवडीने कळव. मार्चअखेर लक्षात असू दे.

तुझा
भावोजी

१३ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. ‘७५० पुरणार नाही. १००० घ्या.’ इतकाच होता, पण मिळाला. मी तो दुकानातल्या मुलीला दाखवला. ती जरा वेळ हिशेब करत बसली आणि मग म्हणाली की या बाईंचं बरोबर आहे. मी म्हटलं, त्या दातांच्या डॉक्टर आहेत.

आता खरेदीचं सांगतो. प्रोसेसर घेतला. मदरबोर्ड त्याच्याशी जुळणारा घेतला. माझी समजूत होती की कुठलाही प्रोसेसर कुठल्याही बोर्डावर बसतो. तसं नसतं. त्यांच्यात आपल्या दोन्ही घरांहून जास्त मानपान असतात. रॅमच्या पट्ट्यांवर रंगीत दिवे आहेत. ते कशासाठी, असं मी विचारलं. वेग वाढतो का? नाही म्हणाली. कमी होतो का? तेही नाही. मग कशासाठी? ती म्हणाली, काका, लोकांना आवडतं. दिवे नसलेली पट्टी मागवावी लागली असती आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही, म्हणून दिव्यांची घेतली.

कॅबिनेटच्या बाजूला काच आहे. काचेच्या लिफ्ट मला कधीच पटल्या नाहीत, पण दुकानात दुसरं काही नव्हतं.

खरा घोळ ग्राफिक्स कार्डात झाला. मी टेप घेऊन गेलो होतो. कॅबिनेट आतून मापलं, कार्ड मापलं, कार्ड आरामात बसत होतं. घरी येऊन सगळं मांडलं आणि कार्ड आत सरकवलं, तर बोटभर जागा कमी. मी पुढचे पंखे धरलेच नव्हते. लिफ्टचा खड्डा मापायचा आणि तळातल्या स्प्रिंगा विसरायच्या, तसं झालं. एकदा अशाच चुकीसाठी मी एका कंत्राटदाराला चार लोकांसमोर झापलं होतं. तो आता हयात नाही, नाहीतर त्याला बोलावून कार्ड दाखवलं असतं. सगळं पोत्यात घालून परत दुकानात गेलो आणि लांब कॅबिनेट घेऊन आलो. त्यालाही काच आहे.

पंख्यांवरून आमचा जरा वाद झाला. ती मुलगी एका पंख्याचं फार कौतुक करत होती, त्याचा आवाजच येत नाही म्हणून. मी म्हटलं, मला आवाज करणारे द्या. तिला वाटलं मला ऐकू येत नाही, म्हणून तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. मी तिला समजावलं की आवाज नसलेल्या यंत्राच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही, माझी नोकरी कानांवर गेली आहे. हे खरंच आहे. पण घरी आल्यावर वाटलं, कारण तेवढंच नसावं. तुझी ताई शाळेत पीटी शिकवायची. घरातही मैदानावर असल्यासारखीच बोलायची. त्यात तो जुना कॉम्प्युटर घरघरायचा आणि हेडफोनमधून तू. मी आतल्या खोलीतून दार लावून घ्यायचो. आता दार उघडं असलं काय आणि लावलं काय.

असो. परवापासून जोडणीला सुरुवात करतो. त्या चिकट पेस्टचा थेंब प्रोसेसरवर किती मोठा घ्यायचा ते कळव.

तुझा
भावोजी

२३ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. ‘वाटाण्याएवढा’ हा मेसेज वेळेवर पोचला. मी तोपर्यंत लिंबाएवढा काढून ठेवला होता. तो पुसला.

कॉम्प्युटर सुरू झाला. पहिल्याच बटणाला सुरू झाला, पंखे बऱ्यापैकी ओरडतात, दिवे लागतात. शेजारचे डोकावून गेले. त्यांना वाटलं मी मासे पाळले.

त्यानंतर खेळ लावला, तर जहाज हलेचना. एक लाट उठायची, ती पडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. एवढं भारी कार्ड घातलं आणि समुद्र पूर्वीपेक्षा वाईट. मी तुला घाबरून मेसेज केला, कारण दिवस थोडे उरले आहेत. तू फक्त मागच्या बाजूचा फोटो मागवलास. पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे. मॉनिटरची वायर मी कार्डात न लावता मदरबोर्डात लावली होती. कार्ड बिचारं रिकामं बसून होतं.

‘भावोजी, लिफ्ट घेऊन जिना चढताय.’ हा तुझा मेसेज मी दुकानातल्या मुलीला वाचून दाखवला. ती इतकी हसली की दुकानातलं गिऱ्हाईक हातातलं ठेवून बघायला लागलं. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

वायर बदलली. पाणी आता पाण्यासारखं दिसतं. जहाज बंदराबाहेर उभं आहे. कप्तानाने सुकाणू धरायचं आणि इंजिनातल्याने त्याच वेळी वाफ द्यायची, असं दोघांनी मिळून केल्याशिवाय ते आत जात नाही. मी एकटा काल पुष्कळ वेळ गोल गोल फिरलो.

तू पार्ट्सबद्दल लगेच उत्तर देतेस. येणार की नाही, याबद्दल काहीच लिहीत नाहीस. म्हणून फोनबद्दल लिहावं लागतंय.

ताई गेल्यावर सगळे पाहुणे परतले, त्यानंतर तू फोन केलास. तू म्हणालीस, ‘भावोजी, मी बोलतेय.’ आणि मी म्हणालो, ‘थांब, देतो.’

लग्न झाल्यापासून तुझ्या प्रत्येक फोनला मी हेच म्हणत आलो. दुसरं काही बोलायची माझ्यावर कधी वेळच आली नाही. रिसीव्हर हातात धरून मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलोसुद्धा. तिथे पोचल्यावर मला कळलं. तोवर तू फोन ठेवला होतास, आणि ते बरोबरच होतं. त्यानंतर तू केला नाहीस, मीही केला नाही. तू पुन्हा फोन केलास तर मी काय बोलणार, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरच्या पार्ट्सबद्दल मात्र बोलता येतं, असं आता दिसतंय.

शनिवारी संध्याकाळी तुमच्या नेहमीच्या वेळेला मी हेडफोन लावून बसतो. तू आलीस तर आपण जहाज आत घेऊ. नाही आलीस तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. जहाज मात्र जाईल.

तुझा
भावोजी

३० मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. काल रात्री तू म्हणालीस की आता पत्रांची गरज नाही. तरी हे एक लिहितो, कारण काल जे बोलायला हवं होतं ते मला हेडफोनमधून जमलं नाही.

तू आलीस हे मला आधी तुझ्या खोकल्यावरून कळलं. नंतर तू मला सुकाणू कसं धरायचं ते शिकवलंस. इतकं ओरडून मला कोणी शिकवल्याला चाळीस वर्षं तरी झाली असतील. तू उजवीकडे म्हटलंस की मी डावीकडे जातो, हा तुझा आरोप खरा आहे. लिफ्टमध्ये हा प्रश्न येत नाही, ती वर जाते नाहीतर खाली. धक्क्याला उभ्या असलेल्या दोन होड्या मी बुडवल्या. त्या कोणाच्या होत्या देव जाणे, नुकसानभरपाई मागायला आले तर मला सांग.

शेवटी खडक आला तेव्हाचं लिहायचं आहे. मला तो दिसलाच नव्हता, मी पाणी बघत होतो. आणि तू ओरडलीस, ‘ताई, डावीकडे घे, डावीकडे!’

त्यानंतर तुझा आवाज आलाच नाही. इकडे फक्त पंखे चालू होते. मी डावीकडे घेतलं. या वेळी खरंच डावीकडे. जहाज खडकाला घासून आत गेलं आणि पडद्यावर तुम्हा दोघींची नावं आली. तू बराच वेळ नाक ओढत होतीस. मग ‘सॉरी भावोजी’ म्हणून तू गेलीस. तुला वाटलं असेल मला लागलं.

मला लागलं नाही. या घरात ती हाक मी इतकी वर्षं दाराआडून ऐकली आहे. काल ती पहिल्यांदा माझ्या कानात पडली आणि मला वळता आलं.

रोज संध्याकाळी मी बसेनच. तोंडात पुन्हा ताई आलं तर मध्येच थांबू नकोस, पुरती हाक मार.

मी ओ देईन.

तुझा
भावोजी