पहिल्या घाण्यातला तुकडा

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, पण बालीच्या बेटावरून आल्यापासून मला तुझी भीती वाटून राहिली आहे. तू रागावशील याची नाही. तू गप्प राहशील याची.

सौंसरच्या बाजारात तू भज्यांची कढई चढवायचीस आणि पहिल्या घाण्यातलं एक भजं, विक्री सुरू व्हायच्या आधी, समोर जे लेकरू उभं असेल त्याच्या हातावर ठेवायचीस. कोणाचंही असो. एकदा गिऱ्हाइकाची गाडी सुटत होती म्हणून मी तो अख्खा घाणा पुडीत बांधून दिला, तर तू झारा उगारलास. "कढईनं आधी लेकराचं तोंड पाह्यलं पाह्यजे बापा, मंग दुनियेचं!" आज पांढुर्ण्यात माझं स्वतःचं हॉटेल आहे, पण मागच्या आठवड्यापर्यंत ही रीत मी मोडली नव्हती. तेल बोलतं कसं, तेही तुझ्याचपाशी शिकलो. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, पाठ फिरवून, आलूबोंडा झाला की नाही हे मी आवाजावरून सांगतो.

पोरगी म्हणाली, "बाबा, जिंदगीभर लोकांले खाऊ घातलं, आता चला, दुसऱ्याच्या हातचं खा." ती, तिची सहा वर्षांची लेक आणि मी, असे तिघं बालीला गेलो. निघताना तिनं बजावलं की नातीला शेंगदाणा चालत नाही, गळा सुजतो, श्वास कोंडतो. त्यावरच्या औषधाची सुई ती पर्समध्येच घेऊन फिरते. मी हसलो. "अवं, आपल्या घरची पोट्टी अन् शेंगदाणा चालत नाही? कूट नसलं तर आपल्याकडं भाजी उतरत नाही चुलीवरून."

"हसू नका बाबा. मी पाह्यलं आहे तिले निळं पडताना."

मी पाहिलं नव्हतं ना, माय. तिथंच सगळं आलं.

सकाळचा बाजार. खोबरेल तेलाचा वास, केळीच्या पानात बांधलेला भात, सुक्या मासळीचे ढीग. ओळखीचं म्हणावं असं फक्त आलं आणि हळद. पोरगी दहा पावलांवर लाल काटेरी फळं निवडते आहे, नात माझं बोट धरून. एक म्हातारी कढई तापवून बसली आहे. भाषा कळत नाही, पण मी झारा हलवायची खूण केली, तशी ती समजली की हा आपल्यातलाच आहे, आणि हसत काहीतरी बोलली.

"आबा, काय म्हणून राहिली ती?"

"म्हणते, तुह्या आबाचं पोट कढईएवढं आहे."

म्हातारीनं पहिला घाणा काढला. एक तुकडा पानाच्या इवल्या द्रोणात फुलांजवळ ठेवला, देवाला. मग दुसरा उचलला, पाट्यावरचं वाटण त्याला माखलं आणि नातीकडे केला. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, एवढा समुद्र ओलांडून तूच बसली आहेस इथं. नात हात पुढं करत नव्हती, आईकडे पाहत होती. तो तुकडा मी घेतला आणि माझ्या हातानं नखाएवढा तोडून तिच्या तोंडात घातला.

दोन मिनिटंही झाली नसतील. ती खोकली. मग म्हणाली, "आबा, गळ्यात गुदगुल्या होऊन राहिल्या." आवाज तिचा नव्हता. ओठ फुगले, डोळे आत गेले, आणि श्वास घेताना शिट्टीसारखं वाजायला लागलं. मी पोरीला हाक मारली ती कशी ते मला आठवत नाही. ती धावत आली, ओल्या जमिनीवर बसली, फ्रॉकवरूनच मांडीत सुई खुपसली. म्हातारी कढई जळती सोडून गाडी शोधायला पळाली. दवाखान्यापर्यंत मी डोळे मिटून ती शिट्टी ऐकत होतो. थांबू नये म्हणून ऐकत होतो.

नात वाचली. ठणठणीत आहे. मी मात्र अजून कोणाचं लेकरू खोकलं तरी हातातलं टाकून उभा राहतो.

दवाखान्यात पोरीनं विचारलं, "बाबा, त्यात काय आहे हे तुम्हाले समजलं नाही?" मी म्हटलं, "गोंगाटात कुठचं समजणार? तुह्या आजीची रीत आठवली, हात आपोआप गेला." मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "आजीची ती रीत बंद करा. कोणाच्या लेकराले काय चालत नाही, आपल्याले काय माहीत?" बरोबर बोलली. मी बंद केली.

पण माय, मला समजलं होतं. म्हातारी पाट्यावर वाटत होती तेव्हाच मी ऐकलं. शेंगदाणा आधी कोरडा कडकडतो, मग तेल सुटलं की चिकट, जड आवाज येतो. तो आवाज मी झोपेतही चुकणार नाही. मनात म्हटलं, नखाएवढ्यानं काय होते, आजकालच्या आयांचे चोचले. तुझ्या रीतीचं निमित्त तर मला नंतर सुचलं, दवाखान्यात, उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा.

सुट्टीत नात पंधरा दिवस माझ्याकडे राहायला येणार आहे, एकटी. "तुमच्यावर भरोसा आहे म्हणून पाठवतो," असं पोरगी म्हणाली. तुला लिहिलेला हा कागद खरं तर तिला जायला पाहिजे. तिनं वाचला तर ती लेकीला माझ्यापाशी एकटी ठेवणार नाही, आणि ठेवूही नये, हे मला कळतं. तरी मी काल फोनवर म्हटलं, "पाठव."