खस का केवडा

ता. ६ जानेवारी ७५. हैद्राबाद

कातड्याच्या गोदामात आज बी अंधार पडस्तोर. मीठ चोळून बोटं फाटली. रजा मिळाली एकदाची. ह्या टायमाला कौसाला घेऊनच यायचं. दिवाळीला ती, माझी बायकोच, मला म्हणली, "तुमच्या अंगाला मेल्या जनावराचा वास येऊन राहिला. मी न्हाई येत तिकडं." साबनानं जात न्हाई तो.

ता. ७

अत्तरवाल्या चाचाकडं ताजा माल. खस गार, पाणी मारल्या अंगणावानी. केवडा तेज, डोक्यात चढतो. हुंगून हुंगून दोन्ही सारखेच वाटाया लागले. चाचा म्हणला, "नाक थक गया मियां. दोनो फाये ले जाव. जिसके वास्ते लेरे, उसीच से पूछो." कापसाचे दोन फाये दिले.

ता. ९. घरी

जवळा बाजारला यस्टीतून उतरलो. एका हाताला खस, दुसऱ्याला केवडा चोळला आन् घर गाठलं. बा म्हणला, "कोणाची वरात रं?" कौसा चुलीपुढं, वर बघना.

तेवढ्यात वाड्यात मेंढी व्याली. कोकरू ओलं, थंडी लई. पळत जाऊन दोन्ही हातांनी पुसलं, पोटाशी धरलं. मेंढरांत वाढलेला मी, आन्...

मेंढीनं हुंगलं, ढुशी देऊन लांब फेकलं. माय म्हणली, "वासावर वळखती ती लेकराला. एवढं बी इसरलास?"

ता. १०

कौसानं मेंढीचं दूध काढून कोकराला चोळलं, वर मीठ लावलं. मेंढी मीठ चाटती, आचळाला लागू देईना. मी मेंढीचे पाय धराया गेलो.

"तुमी लांब व्हा. हात मागं घ्या."

राखेनं घासले हात. केवडा जाईना. काहून लावला म्हणून स्वतःलाच शिव्या.

इचारलं, कोणता घेऊ? "मेंढीला इचारा," म्हणली.

ता. १३

कोकरू जगलं. पण मेंढी धरल्याबिगर पाजत न्हाई, आन् कौसाबिगर कोणाला धरू देत न्हाई. कौसा म्हणली, "हे असं टाकून मी कशी येऊ?"

माझ्याच हातानं झालं. तिला न्यायलाच तर...

ता. १५

निघालो, एकटाच. कौसा वेशीपर्यंत आली. दोन्ही फाये हुंगले तिनं, सावकाश.

"खस घ्या. लहान शिशी. होळीपर्यंत पुरंल एवढी."

"होळीनंतर?"

"कोकरू चराया लागू द्या. मग बघू."

बघू म्हणजे काय, तेच डोक्यात. गाडीत बसाया जागा न्हाई मिळाली. पाय भरून आले.

ता. १७. हैद्राबाद

पुन्हा मीठ, पुन्हा कातडी. सुटल्यावर चाचाकडं. म्हणला, "बडी शीशी लेव, सस्ती पडती." मी लहानच मागितली.