अक्काकडे जाण्याचा सोपा मार्ग

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

लेकीकडे येऊन तीन दिवस झाले. शहर पाहून घेतलं. गॅलरीतून. मोठं आहे, पण आखणी गचाळ. चौतीस वर्षं मी बसगाड्यांची वेळापत्रकं बनवली. आमच्या गावात माझ्या कागदाशिवाय एक गाडी डेपोबाहेर पडत नसे. अशा माणसाला लेक सांगते, बाबा, एकटे बाहेर पडू नका.

संकल्प : अक्काला भेटणे. एकट्याने.

अक्का माझी थोरली बहीण. वय एकोणऐंशी. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. सोळा तारखेला परदेशात मुलाकडे चालली, कायमची. चार वर्षांत गाठ नाही. फोनवर म्हणाली, येशील ना रे? म्हटलं, उद्या जेवायलाच येतो.

५ मार्च. सकाळी ८

तक्ता तयार. लाल पेन्सिलीने सेहेचाळीस नंबरची बस, निळीने भुयारी रेल्वे, पुन्हा लालने बारा नंबर. दीड तास. जावयाने मोबाइलमध्ये कसलंसं ॲप घालून दिलं. त्यातली बाई 'डावीकडे वळा' म्हणते. मला! आवाज बंद केला.

दुपारी ४

परत आलो. सेहेचाळीस अगदी वेळेवर पकडली. फक्त ती उलट्या दिशेने निघाली. पाटीवर दोन टोकांची दोन नावं, कुठलं येण्याचं नि कुठलं जाण्याचं काही पत्ता नाही. माझ्या हाताखाली असली पाटी लागली असती तर रंगाऱ्याला घरी बसवलं असतं. संशय मला पंधरा मिनिटांतच आला होता. पण विचारायचं कुणाला? सगळे मोबाइलमध्ये माना खुपसून. शिवाय विचारणं हे अडाण्याचं काम. शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून गोदामांचा अभ्यास केला. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, उतरा आता. ह्या नातवाचं वय पन्नास असेल.

अक्काला कळवलं, अचानक काम निघालं.

७ मार्च, गुरुवार

बस योग्य दिशेने. भुयारी स्टेशन गाठलं. ह्या स्टेशनाला अकरा दारं आहेत. एवढी उंदराच्या बिळालाही नसतात. सरकत्या जिन्यावर माझ्या मागचे लोक उगाच घाई करत होते. मी पाऊल टाकण्याआधी पायऱ्यांचा वेग पाहत होतो, एवढंच. चार-पाच मिनिटं लागली असतील.

डब्यात एका मुलीने उठून जागा देऊ केली. नम्रपणे नकार. दुसऱ्यांदा नकार. तेवढ्यात गाडीने ब्रेक मारला आणि मी समोरच्या गृहस्थाच्या मांडीवर बसलो. मग सगळ्यांनीच आग्रह केला. बसलो. ह्या गडबडीत स्टेशन मागे गेलं. चूक त्या मुलीची.

घरी सांगितलं, अक्काची बिल्डिंग दुरुस्तीसाठी बंद आहे. लेकीने ताबडतोब अक्काला फोन लावला. ही सवय तिच्या आईची.

९ मार्च, शनिवार

लेक म्हणते, उद्या रविवार, गाडीने सोडते. जावईही मान हलवतो. म्हणजे गाठोडं मागच्या सीटवर टाकायचं आणि बहिणीच्या दारात उतरवायचं. साफ नकार दिला. म्हटलं, ज्याने पाचशे ड्रायव्हरांना रस्ता दाखवला त्याला तू काय सोडणार? लेक आत गेली. स्वयंपाकघरातून भांडी जरा जोरात वाजली.

११ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

यश! जवळजवळ.

बस, रेल्वे, पुन्हा बस, सगळं तक्त्याबरहुकूम. उतरलो तर समोर नदी आणि पलीकडे अक्काची गुलाबी बिल्डिंग, स्पष्ट. स्टॉप एक आधीचा निघाला. एवढ्यात अक्काचा फोन, कुठवर आलास? म्हटलं, जवळच. जवळ म्हणजे कुठे, समोर काय दिसतंय? तुझं घर दिसतंय, म्हटलं. मग ये की, म्हणाली. भात लावलाय.

पूल शोधला. उजव्या हाताला अर्धा तास चाललो. नाही. एवढ्या मोठ्या नदीवर पूल नाही, ही नगरपालिकेची लायकी. परत त्याच जागी येऊन अक्काच्या सातव्या मजल्याकडे हात हलवला. कुणीतरी हलवल्यासारखं वाटलं. चादर असावी.

एका अर्थी पोहोचलोच म्हणायचं.

(जावई म्हणतो, पूल डाव्या हाताला होता, दोन मिनिटांवर. तिकडे पाहण्याचं काही कारणच नव्हतं.)

१३ मार्च

गुडघा सुजला. ह्या शहराचे फूटपाथ. अक्काला सांगितलं, उद्या किंवा परवा नक्की.  ती म्हणाली, बरं.

हे 'बरं' मला आवडलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार. सकाळी ११

आज शेवटची संधी. नवा तक्ता, तीन रंगांत. बूट घालत होतो, इतक्यात बेल वाजली.

दारात अक्का. एका हातात काठी, दुसऱ्यात डबा. एकटी.

दोन बस आणि भुयारी रेल्वे करून आली. तक्ता नाही, ॲप नाही, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कशी आलीस, विचारलं.

"तोंड आहे ना मला? विचारत विचारत आले."

आठ जणांना विचारलं म्हणे. एका पोलिसाने रस्ता ओलांडून दिला, एका नर्सने जिना चढवला. सगळ्यांची नावं, मुलंबाळं पाठ. ह्याला प्रवास म्हणत नाहीत, गावगप्पा म्हणतात.

जेवताना लेक पाणी आणायला आत गेली, तेव्हा अक्का हळूच म्हणाली,

"मला वाटलं, तुला यायचंच नाहीये."

मी म्हटलं, तक्ता दाखवू का? दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. अक्षर अजून सुरेख आहे म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

दुपारी ३

ह्या वयाच्या बाईला एकटीला परत पाठवणं बरोबर नाही. मी सोडायला निघालो आहे.

१६ मार्च, शनिवार. सकाळी १०

काल अक्काला सुखरूप पोहोचवलं. वाटेत ती दोनदा चुकीच्या बाजूला वळली. ती बाजू बरोबर होती, पण तो योगायोग.

तिच्या घरात फक्त दोन बॅगा आणि भिंतीवर चौकटींचे डाग. जास्त वेळ बसवलं नाही. परतीच्या स्टॉपवर मात्र ती आली, नको नको म्हणताना, माझं कोपर धरून. बसमध्ये चढून एका बाईशी कुजबुजली. मग खाली उतरून काठीवर भार देत बस हलेपर्यंत उभी राहिली. मी मागे वळून पाहिलं नाही. एकदाच पाहिलं.

ती बाई भुयारी रेल्वेतही माझ्याबरोबर, पुढच्या बसमध्येही. म्हटलं, असतील एकाच वाटेचे प्रवासी. गप्पिष्ट होती. आमच्या गेटपर्यंत आली. गेटवर लेक उभीच. बाईने मला तिच्या हवाली केलं, नीट आणलंय म्हणाली. लेकीने तिचे हात हातात घेतले. बाईचं घर अक्काच्या घरापासून एकाच स्टॉपवर, नदीपलीकडे आहे, हे नंतर कळलं.

आत्ता विमानतळावरून अक्काचा फोन आला. नीट पोहोचलास ना काल? म्हटलं, न पोहोचायला काय झालं? हसली. मग म्हणाली, तिकडे उतरले की फोन करते, तू घरीच थांब.

थांबलो आहे.