डॉक्टर वेर्दिये यांचा ग्रीक शब्द

लायडन, मंगळवार

प्रिय सोलांज,

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. माझी डच घरमालकीण कॉफीबरोबर एकच बिस्किट देते आणि माझ्यादेखत डबा बंद करते. बाकी मी सुखरूप आहे.

तुझ्या पत्रात मात्र दोन पानं नुसते डॉक्टर वेर्दिये! क्ष-किरणांच्या फोटोआधी टोचलेल्या औषधाने तुझ्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, आणि त्यांनी त्याला 'अ‍ॅनाफिलॅक्टॉइड' म्हटलं. "बाईसाहेब, 'फिलॅक्सिस' म्हणजे रक्षण आणि 'अ‍ॅना' म्हणजे त्याच्या उलट," एवढं ऐकून तू भारावलीस. मी इतकी वर्षं जेवताना व्युत्पत्त्या सांगतोय, तेव्हा तू म्हणतेस, "आन्सेल्म, सूप निवतंय."

शेवटचं 'ऑइड' त्यांनी सांगितलं का? 'ऑइड' म्हणजे 'सारखं'. मी ज्याचा अभ्यास करतो त्या संस्कृतात 'आभास'. म्हणजे लक्षणं खऱ्या अ‍ॅलर्जीचीच, कारण निराळं.

आणि रविवारी जेवायला आले, तर त्यांना जेवणाच्या रुमालाची कडी कशाला दिलीस? पाहुण्याला नुसता धुतलेला रुमाल देतात. कडी घरच्या माणसाची असते, रोजचा आपला रुमाल ओळखू यावा म्हणून. माझी तर नाही ना दिलीस?

आईचा गुडघा कसा आहे?

शुक्रवारी पुन्हा फोटो आहे, हे तू अगदी शेवटी एका ओळीत उरकलंस. औषध तेच का? डॉक्टरांना शेजारी बसवून घे. हवं तर हात धरू देत. मला त्यांचा हेवा वाटतो, हे खरं. पण भीती वाटते ती तुझा श्वास पुन्हा अडकेल आणि मी तिथे नसेन याची.

तुझा,
आन्सेल्म