बाबांच्या रिकाम्या जागा

४ जून

कापलं! सगळं कापलं!

संग्रहालयाच्या साहेबांनी बोलावलं म्हणून आमच्या वस्तीवरच्या घुमटाचे हवेचे पंखे अर्धवट उघडे टाकून, हाताला ग्रीस तसंच ठेवून गेले. बाबांच्या नावाचं दालन उघडतंय ना, तिथे लावायची ध्वनिमुद्रणं ऐकवली. बाबांचा सॅक्सोफोन – सलग, दम न घेता. विचारलं, "मधल्या जागा कुठायत?" साहेब म्हणाले, "रिकाम्याच होत्या हो, ताई. साफ केलं."

साफ म्हणे! केर होता का तो?

५ जून

राग अजून उतरत नाही. लिहूनच काढते.

जॅझ म्हणजे गप्पा, असं बाबा म्हणायचे. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. पण ते दूरच्या अंतराळयानावर गेले आणि इथून तिथे आवाज पोचायलाच वर्ष सरायला लागलं. गप्पा कसल्या! मग त्यांनीच युक्ती काढली. थोडं वाजवायचं, मग थांबायचं – माझ्या उत्तरापुरतं. त्या जागेत मी ट्रम्पेट वाजवायचे आणि परत धाडायचे. "घाई करू नकोस, चिमणे. जागा तुझीच आहे." त्या जागांमध्येच मी मोठी झाले.

सवाल कायम त्यांचा, जवाब माझा. एकदा हट्ट धरला होता, आधी मी वाजवणार म्हणून. म्हणाले, "वेळ आली की."

वेळ कुठली! गेलेच.

८ जून

दादा आला. "लोकांना सलगच आवडतं. बाबांचं नाव होतंय, तू कशाला फाटे फोडतेस?" दादाला सूर काय आणि सायरन काय, सारखंच. म्हटलं, "नाव होतंय रे, पण त्यात बाबा कुठायत?" चहा न घेताच गेला. जाऊ दे.

११ जून

कापलेलं लावू देणार नाही म्हणजे नाही.

१२ जून

आता मूळ मुद्रणंही पुसणार! साठवायला जागा नाही म्हणे. साहेबांना तोंडावर सांगून आले – उद्घाटनाला ट्रम्पेट घेऊन येणार. जिथे जिथे कापलंय तिथे तिथे वाजवणार, लोकांदेखत.

"मग मला रखवालदाराला सांगावं लागेल."

"खुशाल सांगा. त्याच्या घरचा पंखा मीच दुरुस्त केलाय."

१५ जून

वाजवलं! रखवालदार छताकडे बघत उभा राहिला.

माझे सूर बाबांच्या सुरांवर नुसते आदळत होते. ऐकवत नव्हतं – तेच तर दाखवायचं होतं. दादाची मान खाली. शेवटी मागून एक आजी कडाडल्या, "अहो, तिलाही बोलू द्या की मध्ये!" लोक हसले, मग टाळ्या. साहेबांनी निमूटपणे मूळ मुद्रण लावलं.

पहिली रिकामी जागा आली. वाजवलं. बाबांची इतकी आठवण आली की पुढचं नीट ऐकूच आलं नाही.

मूळ मुद्रणं राहणार. साहेब स्वतः म्हणाले.

२१ जून

यानावरून बाबांचं शेवटचं मुद्रण आलं. ते गेल्याची बातमी तिथल्या लोकांनी तेव्हाच धाडली होती, गाणी मात्र सवडीने पाठवतात. साहेब स्वतः घेऊन आले, चेहरा पडलेला. "ताई, सुरुवात कोरीच आहे. खराब झालंय बहुतेक. पण मी हात लावलेला नाही."

ऐकलं. खराब कसलं!

आधी रिकामी जागा. मग बाबा.

जवाब त्यांनी देऊन ठेवलाय. सवाल मी करायचाय.