चैतालीच्या घरची लाईन

४ मार्च, बुधवार

पुन्हा बिभीषणची गाडी चैतालीच्या दारात! दहा मिनिटं. मी समोरच्या खांबाला लावलेल्या शिडीवर. उतरायचं सुचेना.

तोही माझ्यासारखाच नेटची लाईन टाकतो, पण दुसऱ्या कंपनीची. त्यांच्याकडं पिक्चर-मालिकांचं ॲप सुसाट चालतं, आमच्याकडं मधेच अडकून गोल फिरतं. कारण आमची वरची कंपनी आणि ते ॲपवाले भांडतायत. सर्जेराव मालकांनी समजावलं — "आपले म्हणतेत, निम्मी लाईन तुमीच खाता, भाडं द्या. ते म्हणतेत, गिऱ्हाईक भरतंय की, आमी कावून द्यावं?"

या भांडणात घाटनांदूरची पंधरा घरं बिभीषणनं नेली. चैतालीचं नेऊ नये. बाकी काहीही नेऊ दे.

५ मार्च

मी नववीत शाळा सोडली. त्यानं आयटीआय केलं. खांबावर गॉगल लावून चढतो. काय गरज आहे?

७ मार्च, शनिवार

आज मुद्दाम एक वाईट काम केलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून फक्त चैतालीच्या घरचा वेग कमी केला. तक्रार आली की जाणार मीच — दुसरा आहे कोण!

अकराला फोन आला. शिलाई मशीनला मोबाईल टेकवून, मालिका बघत ती ब्लाउज शिवते. मी नेटचा डबा उघडला, बंद केला. जादाची वायर सोडून पुन्हा गोल गुंडाळली, दोन ठिकाणी बांधली. फायबरची वायर ती, घट्ट मोडली तर आतली काचेची तार तुटते. ती हसली — "किती निगुतीनं गुंडाळतोस रे! माझे दोरे पण दे की असे गुंडाळून."

तिच्या आईनं, मनकर्णाकाकूंनी, चहा दिला. ऑफिसात येऊन वेग पूर्ववत केला.

९ मार्च

पुन्हा कमी केला. पुन्हा फोन, पुन्हा चहा. पुन्हा पूर्ववत.

१२ मार्च, गुरुवार

भांडण मिटलं! ॲपवाले आणि आमची कंपनी, दोघांचं जुळलं. सकाळपासून सगळ्या गावात ॲप पळतंय. तिच्या घरचा वेग मात्र मी कालच कमी केलाय. राहू दे आजचा दिवस. एकच चहा.

फोन आला नाही.

१३ मार्च, शुक्रवार

फोन नाही. बिभीषणकडं गेली असणार! दुपारी तोच चौकात भेटला. गॉगल कपाळावर.

"त्या चैतालीकडं चारदा गेलतो बे. न्हाईच म्हणती. 'आमच्या लाईनवाल्याला वाईट वाटंल' म्हणती. काय जादू केली बे तू?"

तिचा वेग पूर्ववत करायला पळत ऑफिसात गेलो. तिथली लाईट गेलेली, कॉम्प्युटर बंद. सहापर्यंत बसलो, लाईट आलीच नाही. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

१४ मार्च, शनिवार

सकाळी मालकांनी तिचा डबा परत आणायला पाठवलं. काल संध्याकाळी तिनं स्वतःच बिभीषणला बोलावलं.

"गल्लीत समद्यांचं चालतंय, माझंच न्हाई," ती म्हणाली. "तुला तरी किती पळवावं?"

वायर तिनं आधीच काढून ठेवली होती. गोल गुंडाळलेली. लाल दोऱ्यानं, दोन ठिकाणी बांधलेली.