खाणीतलं पाणी नाकात गेलं होतं

आये, धाकट्याला आसरांनी नेलं नाही. पाण्यातल्या किड्यानं नेलं. डोळ्याला दिसत नाही एवढा असतो, उन्हानं तापलेल्या गोड्या पाण्यात; नाकातून चढतो तो थेट मेंदूत. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला हे काल कळलं. इथं परदेशात आमच्या कामगारांच्या कॅम्पवर उघडी टाकी आहे, कामावरून आलं की पोरं तिच्यात उड्या मारतात. त्यांना बजावायला डॉक्टर आला होता, केरळचा. "पीने से कुछ नहीं होता, नाक में मत जाने दो. बहुत कम लोगों को होता है, पर हुआ तो आदमी बचता नहीं." एकानं विचारलं, नाकाला बूच लावून पोहू का? सगळे हसले.

चिऱ्याच्या जुन्या खाणीतलं पाणी वैशाखात कंबरभर उरायचं, चहासारखं कोमट. विहीर आटली की तू तिथंच कपडे धुवायचीस आणि धाकटा काठावरून उड्या घ्यायचा, तळातला लाल गाळ ढवळून काढायचा. मग तो एक दिवस. तू चुलीत सुका बांगडा भाजतेयस, घरभर वास सुटलाय, आणि तो म्हणतो, "आये, याला वासच नाय गो." तू म्हणतेस, "मेल्या, नाक खाणीत इसरून आलास काय?" आपण तिघंही हसतो. संध्याकाळी त्याचं डोकं दुखायला लागलं. मग ताप, उलट्या, मान लाकडासारखी ताठ. रत्नागिरीला नेला तेव्हा तो तुला ओळखत नव्हता. तिथं मेंदूचा ताप म्हणाले. तो गेल्यावर आत्यानं अंगणात बसून वेगळंच काढलं. खाणीतल्या पाण्याच्या देवींची, साती आसरांची, दरसाल खणा-नारळानं ओटी भरायची, आणि त्या वर्षी तू म्हणाली होतीस, "यंदा ऱ्हाऊं दे, फुडच्या सालाला दोन भरू."

आत्याचं बोलणं तू पचवलं असतंस. पण मी बोललो. तू घावणे घालत होतीस. मी ताट सारलं, म्हणालो, "तू ओटी भरली असतीस तर तो असता." तू वळली नाहीस. "होय रं बाबा," म्हणालीस आणि उलटायच्या आधीच घावणाला उलथनं लावलंस. ते फाटलं.

नंतर दरसाल दोन ओट्या. एक त्याची राहिलेली, एक माझी. आवाज भरून पाठवलेल्या शेवटच्या कॅसेटमध्ये खोकत खोकत सांगितलंस, "तुजी पन भरलीय. पान्यापासून जपून ऱ्हा." इथं वाळवंटात आये, प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येतं. गावाला वाटतं मी पैशासाठी आलो. माझं बूड एका जागी ठरत नाही, असं तू पण म्हणायचीस. खरं म्हणजे तुझ्यासमोर जेवायला बसवत नव्हतं.

काल सगळे गेल्यावर मी डॉक्टरपाशी थांबलो. विचारलं, "इसमें माँ की गलती होती है क्या?" तो बॅग बंद करता करता थांबला. "किसकी माँ?" चांगला माणूस, माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली त्यानं. तरी मी म्हणालो, "गाँव में हमारे बाजूवाली. उसका लड़का गया था."

"उसको बोलो," तो म्हणाला, "उसकी कोई गलती नहीं."

सांगतो, अशी मी मान हलवली. म्हणून हे लिहिलं. टपालात टाकायला पत्ता नाही. ती बाई जिवंत आहे असंच मी त्याला वाटू दिलं, आणि तेवढा वेळ मलाही तसंच वाटलं.